चाखणं म्हणजे खाणं नव्हे

हॅलो?… हो आपा, मीच. गफूरच बोलतोय. माझ्या फोनवर दुसरं कोण बोलणार?

थांब, नीट ऐकू येत नाही. इथं कर्णे चाललेत. या कर्णेवाल्यांचा नवरदेवाच्या बापावर, तोइर रेशीमवाल्यावर, काही जुना राग असावा. सकाळचे सव्वासहा वाजलेत आणि निम्मं मर्गिलान शहर उठवून बसवलंय. भिंतीकडे सरकतो जरा… हां. आता बोल.

उस्ता? हे काय, शेजारीच बसलेत. तुझा नवरा माझ्यापासून दीड हातावर आहे. डोक्यावर टोपी, हातात चहाची वाटी. हिरवा चहा. साय नाही, साखर नाही, काही नाही.

नाही गं. काही खाल्लेलं नाही. मी पावणेसहाला आलोय, तेव्हापासून त्यांच्यावरचा डोळा हलवलेला नाही.

त्याच्या आधी?… त्याच्या आधी ते कढईपाशी होते. अदहमबरोबर, चार वाजल्यापासून. मग काय करतील? पोरगा जन्मात पहिल्यांदा तीनशे माणसांचा पुलाव उतरवतोय, बाप काय गादीवर लोळत राहील? उभे होते नुसते. मीठबीठ बघितलं असेल.

अगं, मीठ बघणं म्हणजे खाणं का? पन्नास वर्षं आचारी आहे तो माणूस. मीठ काय डोळ्यांनी बघतील?

नाही, मी त्यांची बाजू घेत नाही. आपा, ऐक ना… मी तुझ्याच बाजूला आहे. लहान होतो तेव्हापासून तुझ्याच बाजूला आहे, मला दुसरी बाजू ठेवलीयस कुठं तू?

हो, डबा दिला. पहिलं काम तेच केलं. उस्ता, म्हटलं, आपानं तुमच्यासाठी कुट्टूच्या दाण्यांचा उकडलेला भात दिलाय, बिनतेलाचा, बिनमिठाचा, परातीतला पुलाव आला की तो बाजूला सारून तुम्ही गुपचूप हा खा.

काय म्हणणार? डबा उघडला. आत बघितलं. खूप वेळ बघितलं, मयताचं तोंड बघतात तसं. मग झाकण लावलं आणि कर्णेवाल्याला दिला.

खाल्ला ना त्यानं. मीठ नाही म्हणाला.

आपा, तू रडू नकोस. अजून काहीच झालेलं नाही… हो, सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं सगळं परत सांगितलं, अगदी नफिसाबाई बोलल्या तसंच. म्हटलं उस्ता, आठवतंय का, वसंतात सहा दिवस सलाईनवर होतात. पित्ताचा खडा घसरला आणि स्वादुपिंडाच्या तोंडाशी जाऊन बसला. पिंडाचा रस बाहेर पडेना, तर त्यानं स्वतःलाच पचवायला घेतलं. बाई म्हणाल्या होत्या, यावेळी वाचलात, दुसऱ्यांदा झालं तर मी शब्द देणार नाही. खड्याची पिशवी काढून टाकू, तोवर चमचाभर चरबीसुद्धा नको. आठवतंय?

आठवतंय म्हणाले. पिशवी लग्नसराई संपल्यावर काढू म्हणाले. आणि पुढे म्हणाले, गफूर, मी आयुष्यात काही हजार मेंढ्या सोलल्या. स्वादुपिंड म्हणतात ते मला ठाऊक आहे. एवढंसं असतं, गुलाबी, ते आम्ही मांजराला टाकतो. मांजर खातं ती वस्तू मला मारणार?

मांजरांचा मला अनुभव नाही.

हो, जळजळीचंही बोललो. ते तर पाठच आहे त्यांचं. मला फक्त छातीत जळजळ होते रे, आंबट पाणी घशाशी येतं, डबीतला सोडा घेतला की जातं. मग पिंड कुठून आलं मधे? म्हणून मी बाईंचं ते दुसरंही सांगितलं. की प्रत्येक जळजळ काही पिंडाची नसते. आम्लानं पिंड बिघडत नाही. पण पिंड थकलं की चरबी पचत नाही, अन्न पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं, आणि मग सगळं वर घशाकडे निघतं. तुमचं पिंड अकरा वर्षं घशातून हाका मारत होतं आणि तुम्ही दर वेळी सोड्यानं त्याचं तोंड बंद करत होतात.

आपा.

आपा, ते नको काढू.

… हो. मीच दिला. पहिला चमचा मीच दिला, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरणीतून. मला काय माहीत? मी चौतीस वर्षं मुलांना तेच शिकवत आलो. आम्लात सोडा टाकायचा, बुडबुडे येतात, आम्ल मरतं, मुलं टाळ्या वाजवतात. उस्तांनी तोच प्रयोग अकरा वर्षं पोटात केला. ढेकर आला की मला म्हणायचे, मास्तर, जमलं.

नाही, डबी माझ्याकडे आहे. काढून घेतली मी, तू सांगितलंस तशी. तपकिरीचीच डबी ना ती, हिरवी? माझ्या कोटाच्या खिशात आहे. काळजी करू नकोस.

ढेकर? दिला की एक. मघाशी… साधा ढेकर… अगं, आंबट की करपट हे मला दीड हातावरून कसं कळणार? माणूस ढेकर देतो तेव्हा शेजारच्यानं वास घ्यायला पुढे व्हायचं असतं का?

तोंडाचा रंग बरा आहे. कपाळावर घाम आहे थोडा. तो कढईचा असणार. त्या चुलीपाशी उभं राहिलं तर दगडालाही घाम येईल.

आता? आता परात यायची वाट बघतायत सगळे. अदहम कढई उघडतोय. दिसतोय मला इथून. पांढरा अंगरखा घातलाय, बाह्या वर केल्यात. अडतीस वर्षांचा घोडा झालाय, पण आज शाळेतल्या मुलासारखा दिसतोय… वास? काय सांगू आपा. जिरं, गाजर, दुंब्या मेंढीची चरबी. सोळा वर्षांपूर्वी अदहमच्याच लग्नात उस्तांनी केला होता ना, तोच वास.

हो, तेच सांगतोय. पहिली परात उस्तांपुढेच येणार. बापानं पहिला घास घेतल्याशिवाय या तीनशेतला एकही हात पुढे येणार नाही. तशी रीतच आहे, मी कालपासून सांगतोय तुला.

मी कसं थांबवू?… आजारी आहेत म्हणून सांगू?

आपा, सगळ्यांना ठाऊक आहे आजारी होते ते. पण आज चालत आलेत, पहाटे दोन तास कढईपाशी उभे राहिलेत, आणि पोराच्या पहिल्या परातीलाच हात लावत नाहीत? दुपारपर्यंत रेशीमबाजारात बोभाटा होईल. होशिम उस्तानं मुलाचा पुलाव तोंडाला लावला नाही. का लावला नाही? त्याला आत काहीतरी कळलं असणार. मग अदहमला पुढच्या लग्नाला कोण बोलावतो?

ते मला नको सांगूस, मलाही भाचा एकच आहे.

म्हणजे? खाऊ देऊ?

नको देऊ?

आपा, एक काहीतरी सांग. खाल्ला तर तू म्हणणार माझा नवरा मारलास. नाही खाल्ला तर म्हणणार माझ्या पोराचं नाव बुडवलंस. मी मधे बसलोय, माझ्या हातात फक्त ही चहाची वाटी आहे.

नाही. तू येऊ नकोस. तू कशी येणार? सकाळचा पुलाव पुरुषांचा. दारात पाऊल टाकलंस तर तोइर रेशीमवाल्याच्या घराण्याची सात पिढ्या गोष्ट होईल… ठाऊक आहे, दोनच गल्ल्या आहेत. दोन गल्ल्या काय नि दोन देश काय. बस घरी. मी सांगतोय ना तुला एकेक.

निघाली परात.

अदहम स्वतः घेऊन येतोय. वर मांस रचलंय, डोंगर केलाय नुसता. माथ्यावर चरबीचा तुकडा ठेवलाय, माझ्या तळव्याएवढा, हलतोय… नाही, मी कौतुक करत नाही. बघतोय म्हणून सांगतोय.

कोझिम बाबा आले, मोहल्ल्यातले सगळ्यांत वडीलधारे. आमच्याच दस्तरखानाच्या चादरीशी बसले, उस्तांच्या पलीकडे. त्यांनी दुआ मागितली. आमीन.

आमीन म्हणालो गं. सगळे म्हणाले, मी एकटा कसा गप्प राहू?

… उस्तांनी बाही वर केली.

सांगितलं. कोपरानं ढोसलं, पायानं ढोसलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परातीत हात घातलाय. भात बोटांनी दाबतायत. एक दाणा घेतला, चुरडला… बोटांकडे बघतायत. तेल किती लागलं ते बघत असणार. अदहम उभा आहे समोर, श्वास घेत नाहीये पोरगा. मीही घेत नाहीये.

घास बांधला.

मोठा आहे. मांस घेतलं वर. आपा, मी डोळे मिटू का?

उचलला. हात वर आला. आता… थांब. इकडे का… उस्ता, मी फोनवर आहे. उस्ता, माझ्या…

म्म्.

म्म. म्म्म्म.

म्… थां… म्म.

म्म्म्म. म्म.

हां. गिळलं. हां, हां, ऐक आपा, ओरडू नकोस. त्यांनी नाही खाल्ला. मला भरवला. स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात कोंबला. सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या पोराची पहिली कढई, पहिला घास मामाचा. याहून मोठा मान नसतो, आपा. कुणाला एक अक्षर बोलता आलं नाही. मला तर नाहीच नाही.

हो, हुशार आहे. आहेच हुशार तुझा नवरा. मी कधी नाही म्हणालो?

चव? चव कुठली कळतेय? डोळ्यांत पाणी आलं माझ्या… मीठ बरोबर आहे.

अगं पण ऐक, पुढे झालं ते ऐक. मला भरवला तसं कोझिम बाबांनाही स्फुरण आलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी निम्मे. म्हणाले, मामाला बापानं भरवलं, मग बापाला मी भरवतो. आणि तो वरचा चरबीचा तुकडा उचलला. सगळा. माझं तोंड भरलेलं. तू कानात विचारतेयस काय झालं, काय झालं, आणि मी नुसता म्म, म्म.

कसं नको म्हणतील? बाबांच्या हातचं नको म्हणायला माणूस मेलेला असावा लागतो. मेलेल्यालाही ते एकदा आग्रह करतील. उस्तांनी माझ्याकडे बघितलं. मी उस्तांकडे बघितलं. आणि त्यांनी तोंड उघडलं.

नाही. ऐक. अदहमनं हात धरला. बाबांचा. मनगटाला धरला. तिथंच गुडघ्यांवर बसला आणि वाकून तो घास बाबांच्या हातातून स्वतः खाल्ला. बापाच्या तोंडापुढचा.

हो. तुझ्या पोरानं.

चहा ओतणाऱ्याची किटली हवेतच राहिली. मला वाटलं, झालं, आता बाबा उठून जाणार आणि त्यांच्यामागे तीनशे माणसं. बाबांनी विचारलं, हा कोण? कुणीतरी म्हणालं, आचारी. बाबा म्हणाले, गरीब उपाशी राहिला वाटतं रात्रभर. आणि दुसरा घास बांधून स्वतः खाल्ला. चावला. बराच वेळ चावला, दात दोनच आहेत त्यांना. मग म्हणाले, बरा झालाय.

बरा झालाय, आपा. कोझिम बाबांच्या तोंडून. त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या पुलावालाही नुसतं ठीक आहे म्हटलं होतं.

मग काय, तीनशे हात एकदम परातींत… हो. हो, रड आता. आता रडायला हरकत नाही. पोराचं नाव राहिलं, नवरा राहिला, आणि भावाला सकाळी साडेसहाला पावशेर मेंढी मिळाली.

मला होईल ना जळजळ. झालीच सुरू. सोडा आहे खिशात.

नाही, नाही घेत. गंमत केली.

उस्ता? हसत होते मघाशी. पोराच्या डोक्यावर हात ठेवला. आता वाकलेत जरा, बुटाची नाडी बांधत असतील.

…

आपा, आम्ही चौथऱ्यावर बसलोय. बूट सगळ्यांनी खालीच काढलेत.

काही नाही. थांब. विचारतो. उस्ता? उस्ता, काय होतंय? आपा आहे फोनवर… काही नाही म्हणतायत. हातांनी गुडघे कवळलेत. पुढे वाकून बसलेत. बरं वाटतं असं बसलं की, म्हणतायत.

हो, माहीत आहे. बाईंनी हेच सांगितलं होतं. जळजळ वर घशाकडे जाते, हे दुखणं पाठीकडे जातं आणि माणूस पुढे वाकून बसतो. मला माहीत आहे, मीच तर तुला कागदावर लिहून दिलं होतं. पण त्यांनी खाल्लं कुठं काही? एक कण नाही खाल्ला. मी इथंच आहे सकाळपासून.

सोडा मागतायत. डबी दे म्हणतायत.

उस्ता, डबी नाही मिळणार. काय खाल्लंत ते सांगा आधी… खाल्लं नाही म्हणतायत. शपथ घेतायत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतायत, आपा, मी काही खाल्लेलं नाही म्हणून.

थांब, अदहम काहीतरी सांगतोय. काय रे?… हळू. सावकाश सांग, आई आहे फोनवर.

आपा. तो म्हणतो, वडिलांनी काही खाल्लं नाही, खरंच. फक्त चाखलं. चरबी कढली तेव्हा कुरकुरीत तुकडे निघतात ना पहिले, मीठ लावून, कांदा लावून, ते चार. चरबी जळली की नाही बघायला. मग तांदूळ पडायच्या आधी खालचा रस्सा… किती? वाटीनं? वाटीनं, आपा. मीठ बघायला एक. मीठ घातल्यावर बघायला एक. आणि एक, तो म्हणतो, वडिलांना आवडला म्हणून.

तीन वाट्या. पाचला.

मी आलो त्याच्या आधी पाऊण तास.

मी इथं दीड हातावर बसून घास मोजत होतो.

… आपा, काहीतरी बोल. तू गप्प राहू नकोस. शिव्या दे मला, पण बोल. मीच म्हणालो होतो ना, मीठ बघणं म्हणजे खाणं का म्हणून. त्यांनाही तसंच वाटतंय. अजून वाटतंय. बघ, अदहमला सांगतायत, रस्सा फार छान होता रे.

घाम फार आलाय. शर्ट ओला झालाय पाठीवर. ओकारी येतेय म्हणतायत. अदहम गाडी आणायला पळालाय. नवरदेवाची गाडी आहे दारात, फुलं लावलेली, तीच आणतोय.

आपा, फोन ठेव. डॉक्टरीणबाईंना सांगितलं पाहिजे. त्या म्हणाल्या होत्या, असं काही झालं तर निघतानाच मला कळवा, मी तयारी करून ठेवते. त्यांचा नंबर याच फोनमध्ये आहे. ज्यावर तू आहेस, त्याच फोनमध्ये. मला पाठ नाही. अदहमचा फोन कढईपाशी राहिलाय कुठंतरी.

ठेव ना.

ऐकतेयस का? आपा, तू ठेव. मी कसा ठेवणार? तू मोठी. तुझा फोन मी आधी ठेवलाय का कधी? एक बटण दाब फक्त.

तू धापा का टाकतेयस?

तू कुठं आहेस?

हॅलो? आपा, उस्ता बरे आहेत. म्हणजे बरे नाहीत, पण बोलतायत. माझा हात धरलाय. तुला सांगू नको म्हणतायत. मी नाही सांगत. तू फक्त… हॅलो?

कर्णे का थांबले रे? अरे, सगळे उभे का राहिले? काय झालं दाराशी? सरका जरा, मला दिसत…

…

आपा.

तुझ्या एका पायात माझी चप्पल आहे.

नाही, कुणी काही बोलत नाही. कोझिम बाबासुद्धा वाट देतायत बघ. ये. इकडे, भिंतीपाशी, माझ्याकडे बघ. हा बघ, हात वर केलाय. दिसलो?

ये. त्यांच्यापाशी बस. आणि आता तरी तो फोन कानावरून काढ, मला नफिसाबाईंना लावायचाय.